ओडिलनं पुढं जायचं नाही असं ठरवलं

ह्या वेळी फिर्मिनला असं हरवायचं, की सायकल दिसली तरी त्याला घाम फुटला पाहिजे, असं ओडिलनं सकाळी दाढी करताना आरशाला बजावलं. आरशानं नेहमीसारखा विश्वास ठेवला. त्याची बायको आलिडा खाली काळ्या बिअरमध्ये ससा शिजवत होती. तिनं जिन्यातून एवढंच विचारलं, की बेकरीतून भाताचे टार्ट तू आणणार की मीच जाऊ? जत्रेचा रविवार होता, जेवायला तिचा सगळा गोतावळा यायचा होता आणि बेकरी दुपारी बंद होणार होती. ओडिल म्हणाला, मी आणतो. जिंकलो की परत येताना घेऊनच येतो.

वेरलेगेम गावात चर्चसमोर दोन कॅफे आहेत. एक ओडिलचं. दुसऱ्यात फिर्मिनच्या चाहत्यांचं मंडळ बसतं. ओडिल आणि फिर्मिन शर्यतींतून निवृत्त झाले त्याला एक पिढी लोटली, पण त्यांचे चाहते काही निवृत्त झाले नाहीत. ओडिलनं गावोगावच्या जत्रांमधल्या इतक्या शर्यती मारल्या होत्या, की बक्षिसाच्या फुलदाण्या न्हाणीघरातसुद्धा मावत नव्हत्या. फिर्मिननं मारल्या मोजक्याच, पण त्यातली एक थेट फ्रान्समधली. त्यामुळे एक मंडळ विजय मोजायचं आणि दुसरं तोलायचं. ज्याला जे फायद्याचं, तेच माप. ह्या प्रश्नावरून गावात लग्नं मोडली होती. एका दंतवैद्याला तर गाव सोडावं लागलं, कारण त्यानं रोग्याच्या तोंडात चिमटा असताना आपलं मत सांगितलं.

खरं दुखणं वेगळंच होतं. ओडिलची रीत एकच. शेवटची रेघ अजून दूर असतानाच मान खाली घालायची आणि वाऱ्याला छातीवर घेत सुटायचं. फिर्मिनची रीतही एकच, ओडिलच्या मागे बसायचं. पुढचा वारा कापतो, मागचा आरामात येतो, हे तिथं पोरं चालायच्या आधी शिकतात. आयत्या बिळावर नागोबा तसा फिर्मिन ओडिलच्या चाकामागे बसायचा आणि रेघेजवळ आलं की अलगद बाजूनं निघून जायचा. फ्रान्समधली ती शर्यतही तो अशीच जिंकला होता. दुसरा कोण आला, हे वेरलेगेममध्ये ओडिलच्या तोंडावर कुणी बोलत नसे.

त्यात गावाच्या वेशीवर नवा चौक झाला, गाड्या गोल फिरवणारा. आणि त्या मुलखात चौकाच्या मध्यभागी सायकलस्वाराचा पुतळा नसला, तर चौक अर्धवट राहिला असंच समजतात. चौथरा एकच होता, पुतळाही एकच बसणार होता. नगराध्यक्षबाईंना दोन्ही मंडळांची मतं हवी होती. त्यांनी तोड काढली: जत्रेच्या दिवशी दोघांनी चर्चपासून चौकापर्यंत सायकली हाणाव्यात. जिंकेल तो चौथऱ्यावर. बाईंना वाटलं, निर्णय जनतेवर आणि वाऱ्यावर सोपवला की आपण मोकळ्या.

ओडिलला पुतळ्याचं इतकं वेड लागलं, की तो कॅफेत ग्लास पुसताना अधूनमधून एक पाय पुढे टाकून स्तब्ध उभा राहू लागला. जत्रेच्या सकाळी आलिडाला त्यानं आपला डाव सांगितला. ह्या वेळी पुढं जायचंच नाही. आपण मागे बसायचं आणि रेघेजवळ फिर्मिनच्या नाकासमोरून निघून जायचं.

"मग पुढं कोण जाणार?" आलिडानं विचारलं.

"फिर्मिन."

"तो जन्मात कधी गेलाय?"

"आज जाईल. जावंच लागेल त्याला."

आलिडा सशाच्या पातेल्यावर झाकण ठेवून म्हणाली, टार्ट विसरू नकोस.

चर्चसमोर शिट्टी वाजली. शिट्टी कामिलनं वाजवली, जो पूर्वी शर्यतींचा पंच होता आणि अजून नियमांशिवाय दुसरं काही बोलत नसे. दोघे निघाले. ओडिलनं पायडल हळू केलं, म्हणजे फिर्मिन पुढं जाईल. फिर्मिननं अजून हळू केलं. ओडिल आणखी हळू झाला. चर्चच्या भिंतीपाशी एक गोगलगाय होती, ती ह्या दोघांना मागे टाकून गेली असं नंतर शपथेवर सांगणारे निघाले. खाटकाच्या दुकानासमोर दोघे चक्क थांबले. सायकलवर बसून, पाय न टेकता, हँडल डावी-उजवीकडे डुलवत.

"जा की," फिर्मिन म्हणाला.

"तू जा."

"तुला सवय आहे पुढं जायची."

"सोडली."

"कधी?"

"आज सकाळी."

लोकांचं म्हणाल, तर ते बेहद्द खूश होते. तिथल्या जाणकारांना सायकल पळताना आवडतेच, पण थांबलेली सायकल समजावून सांगायला फार आवडते. अहो, ह्याला म्हणतात डोकं, असं एका मंडळाचे लोक म्हणाले. डोकं आमच्यावाल्याचं, तुमचा नुसता नक्कल करतोय, असं दुसऱ्या मंडळानं ऐकवलं. कर्ण्यावर बोलणाऱ्या माणसानं दोघांच्या कारकिर्दी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून संपवल्या, मग खाटकाच्या सॉसेजची जाहिरात केली, मग पुन्हा कारकिर्दी सांगायला घेतल्या. माणसं बटाट्याच्या तळलेल्या फोडी आणायला जाऊन, रांगेत उभी राहून, खाऊन परत आली, तरी दोघे खाटकासमोरच होते. ओडिलच्या पोटऱ्या थरथरत होत्या. पण पुतळा, पुतळा म्हणत तो डुलत राहिला.

इकडे आलिडानं घड्याळ बघितलं. ससा शिजला, पाहुणे आले, टार्टचा पत्ता नाही. बेकरी चौकाच्या पलीकडे आणि रस्ता तर शर्यतीसाठी अडवलेला. तिनं फुलाफुलांचा कोट चढवला, पुढे टोपली असलेली आपली जुनी जड सायकल काढली आणि अडसराजवळच्या स्वयंसेवकाला असं काही सांगितलं, की त्यानं अडसर उघडून वर टोपीही काढली. घंटी वाजवत ती खाटकाच्या दुकानापाशी आली.

"रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?" ती म्हणाली आणि दोघांच्या मधून पुढे गेली.

इथं जे झालं, ते ओडिलनं केलं नाही. त्याच्या पायांनी केलं. आयुष्य ज्यानं शर्यतीत घालवलं, त्याच्या शेजारून एखादी पाठ पुढं गेली, की डोक्याला कळायच्या आत पाय तिच्या मागे लागतात. त्यात वारा समोरून, आणि आलिडाची पाठ ऐसपैस. असला आडोसा दोघांनाही फ्रान्समध्येसुद्धा मिळाला नव्हता. ओडिल झपकन तिच्या मागे लागला. फिर्मिनही लागला. दोघे तिच्या मागच्या चाकासाठी कोपरांनी एकमेकांना ढोसू लागले.

आलिडानं मागे वळून बघितलं. काय पाहिजे, असं तिनं विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही, कारण श्वास राखून ठेवायचा असतो. दोन म्हातारे दात विचकून आपल्या मागे लागलेत हे बघून तिनं पायडलवर जोर दिला. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. कर्णेवाल्याचा आवाज फुटला.

रेघ दिसू लागली. आता, ओडिलला वाटलं. पण फिर्मिन अजून निघाला नव्हता. आपण आत्ता निघालो तर हा आपल्या मागून येणार, फ्रान्ससारखाच. आणखी जरा थांबू. फिर्मिनच्या डोक्यात काय चाललं होतं ते वेगळं सांगायला नको, कारण त्याच्या डोक्यात जन्मभर तेच चालत आलं होतं. थांबू, थांबू म्हणता रेघ चाकांखालून निघून गेली. दोघे थांबतच राहिले. चौक संपला, वळण आलं, आलिडानं बेकरीसमोर करकचून ब्रेक दाबला. ओडिल तिच्यावर आदळला आणि फिर्मिन ओडिलवर.

"तीन टार्ट द्या," आलिडा आत जाऊन म्हणाली.

फिर्मिनच्या मंडळानं तक्रार केली, की बाई शर्यतीत नव्हत्या. कामिलनं गंभीरपणे विचार केला. शर्यतीच्या रस्त्यावर होत्या, सायकलवर होत्या, कुणाला धक्का मारला नाही. उलट त्यांनाच बसला. पुढचं चाक रेघेला पहिल्यांदा कुणाचं टेकलं, एवढंच मला कळतं, असं म्हणून त्यानं आलिडाच्या बाजूनं निकाल दिला. दोन्ही मंडळं सारखीच नाराज झालेली बघून नगराध्यक्षबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी पुतळ्याचं काम त्याच आठवड्यात सांगून टाकलं. टोपलीसकट.

मंडळांनीही मग आकडेमोड केली. एक शर्यत, एक विजय, हार एकही नाही. अशी कारकीर्द गावात दुसऱ्या कुणाची नाही, हे दोन्ही मंडळांना कबूल करावं लागलं. फक्त दुसरा कोण आला, ह्यावरून नवीन भांडण लागलं आणि सगळ्यांना बरं वाटलं.

ओडिल मात्र ग्लास पुसायचा आणि पुसलेलाच पुन्हा पुसायचा. पुतळा चौकात उभा राहिल्यावर एका सकाळी आलिडा त्याच्यासमोर बसली.

"तू पुतळा हरलास म्हणून तोंड पाडून बसलायस," ती म्हणाली. "मला वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. इतकी वर्षं मी रेघेवर टॉवेल घेऊन उभी राहिले, ती कुणासाठी? मागे लपणारे तर पुष्कळ होते. मी पुढं असणाऱ्याशी लग्न केलं."

दुपारी ओडिलनं सायकल काढली आणि समोरच्या कॅफेतून फिर्मिनला हाक मारली. दोघे कालव्याच्या बाजूनं दूरवर गेले. परतताना वेस दिसायच्या बऱ्याच आधी ओडिलनं मान खाली घातली आणि समोरच्या वाऱ्यात सुटला. फिर्मिन मागे. छाती फुटेल असं वाटत होतं, आणि कितीतरी वर्षांनी त्याला खूप खूप बरं वाटलं. चौकापाशी फिर्मिन बाजूनं अलगद निघून गेला.

ओडिल घरी आला तेव्हा दारात आलिडा टॉवेल घेऊन उभी होती.

"कोण जिंकलं?"

"फिर्मिन."

"आणि पुढं कोण होतं?"

"मी," ओडिल म्हणाला.

आलिडानं त्याच्या बशीत टार्टचा मोठा तुकडा वाढला. खाऊन झाल्यावर तिनं त्याच्या हातात बादली आणि फडकं दिलं, कारण पुतळ्याच्या टोपलीत कबुतरं बसायला लागली होती.