म्हैस, बगळा आणि एकशे आठ

पुस्तक आधी स्वतः वाचून पाहावं की नाही, हा प्रश्न मला गोंदियाहून सुटलेल्या एसटीत पडला होता. खिडकीजवळची जागा मिळाली होती, गार वारा लागत होता, बाहेर धान पिवळं पडायला लागलं होतं. मी म्हटलं, पहिली ते चौथीच्या पोरांचं पुस्तक, त्यात वाचून काय पाहायचं? आणि पुस्तक पिशवीत टाकून झोपलो. आयुष्यातली बरीच संकटं मी झोपेतच ओढवून घेतली आहेत, पण या झोपेची सर दुसऱ्या कुठल्याच झोपेला नाही.

मी गोंदियाला एका सरकारी कार्यालयात कारकून. बायको भूमेश्वरी नवेगाव बांधच्या पलीकडं एका टोल्यावरच्या, म्हणजे वाडीवरच्या, शाळेत मॅडम. मुख्याध्यापक तीच, वर्गशिक्षक तीच, घंटा वाजवणारीही तीच. 'वाचन प्रेरणा दिन' तेव्हा नवीनच सुरू झाला होता. पाहुणे म्हणून कुणी निवृत्त प्राचार्य कबूल झाले होते, त्यांची ऐनवेळी कंबर धरली. आदल्या संध्याकाळी मला फोन आला.

"उद्या सुट्टी टाका आणि या. पोरांना एक गोष्ट वाचून दाखवा."

"मी? पाहुणा?"

"दुसरं कोणी मिळून नाही राहिलं."

(आमचं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनीही माझ्याबद्दल हेच उद्गार काढले होते, असं ऐकून आहे.)

सकाळी बसस्टँडजवळच्या पुस्तकवाल्याकडं गेलो. म्हटलं, "भैया, लहान मुलांचं काही द्या. हसण्यासारखं."

"ये ले जाओ साहब. भैंस के ऊपर बगुला. बच्चे लोटपोट हो जाएँगे."

"तुम्ही वाचलंय?"

"मराठी अपने को कहाँ आती है? फोटो देखो ना, दोनों हँस रहे हैं."

खरंच हसत होते. म्हैस तर जास्तच.

शाळेत पोचलो तेव्हा पोरांची खिचडी नुकतीच आटोपली होती. खिचडी शिजवणाऱ्या देवकाबाई बाहेर हातपंपावर ताटं घासत होत्या. व्हरांड्यात पोरं ओळीनं बसलेली, पोटं भरलेली, चेहरे समाधानी. भूमेश्वरीनं माझी ओळख 'गोंदियाहून आलेले साहेब' अशी करून दिली. नवरा आहे हे सांगितलं नाही. मी खुर्चीवर बसलो, घसा खाकरला आणि सुरुवात केली.

एक म्हैस असते. म्हातारपणी तिला दिसेनासं होतं. तिच्या पाठीवर बसणारा बगळा म्हणतो, काळजी करू नको, मी रस्ता सांगतो. मग रोज तो पाठीवरून 'आता उजवीकडं, आता डावीकडं' सांगतो आणि म्हैस तलावावर जाते. पोरं हसली. मी 'उजवीकडं'ला मान वळवत होतो, त्यालाही हसली. भूमेश्वरीसुद्धा हसली, आणि तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

मी पान उलटलं. बगळा म्हातारा झाला. पुढच्या पानावर पाठीवर बगळाच नव्हता, फक्त एक पांढरं पीस होतं. म्हशीला ते कसं दिसणार? तिला कुणी सांगितलंही नाही. ती तलावाकडं निघाली आणि वाटेत पाठीला म्हणाली, "आज बोलत नाहीस? थकला असशील. बस निवांत. आज मी सांगते रस्ता."

इथं माझा आवाज गेला.

मी पुन्हा प्रयत्न केला. "आज मी सां..." एवढंच निघालं, आणि बाकीचं डोळ्यांतून आलं. मी काही हळव्या मनाचा माणूस नाही. ऑफिसात लोक टेबलासमोर रडतात तेव्हा मी शांतपणे दुसऱ्या खिडकीवर जा म्हणून सांगतो. पण ती म्हैस पाठीशी बोलत बोलत एकटी चालली होती, आणि मला पुढचं अक्षर दिसेना.

पहिल्या ओळीतल्या गोमती नावाच्या पोरीनं माझ्याकडं टक लावून पाहिलं. तिचा खालचा ओठ बाहेर आला. मग तिनं जो सूर लावला, तो गोवरासारखा पसरला. पहिली रडली, दुसरी रडली, तिसरी रडली. चौथीतली पोरं जरा वेळ मोठेपणा सांभाळून होती, मग तीही बुडाली.

"अरे, खोटी गोष्ट आहे!" मी ओरडलो.

"तं म्हैस आंधळी नाही?" गोमतीनं हुंदके देत विचारलं.

"आहे ना, आंधळी आहे."

"तं बगळा मेला नाही?"

"मेला, पण..."

सूर आणखी चढला. मी मदतीसाठी भूमेश्वरीकडं पाहिलं. ती फळ्याकडं तोंड करून उभी होती आणि डस्टरनं नाक पुसत होती.

नेमक्या याच वेळी सुकराम नावाचा एक माणूस सायकलीवरून कुंपणाजवळून चालला होता. त्यानं पाहिलं, अख्खी शाळा रडून राहिली, मॅडम रडून राहिल्या आणि खुर्चीवर एक परका माणूस त्यांच्यापेक्षा मोठ्यानं रडून राहिला. त्यानं सायकल टाकली आणि धावत आत आला.

"काऊन रडता बे? पोट दुखते का?"

आता, रडणाऱ्या पोराला 'पोट दुखते का' विचारलं तर ते हो म्हणतं. 'शेपूट फुटलं का' विचारलं तरी हो म्हणतं. सगळ्यांनी माना हलवल्या.

"खिचडी बाधली!" सुकराम ओरडत सुटला. "लेकराईले खिचडी बाधली! एकशे आठ बोलवा!"

पुढं काय झालं ते मी नीट पाहू शकलो नाही, कारण मला ढकलून आयाबाया व्हरांड्यात शिरल्या. आपापलं पोर उचलून कुणी त्याच्या तोंडात बोट घाला, कुणी मिठाचं पाणी पाजा, असं चाललं. जी पोरं थांबली होती, तीही आईला रडताना पाहून परत सुरू झाली. मी प्रत्येकीला सांगत होतो, "बाई, तो बगळा..." पण बगळ्यासाठी कुणाला वेळ नव्हता.

मग सगळ्यांना देवकाबाई आठवल्या. लोक हातपंपाकडं वळले.

"काय टाकलं वं खिचडीत?"

"पाल पडली असंन!"

देवकाबाई हातातली राख तशीच घेऊन उभ्या राहिल्या. नवरा वारल्यापासून त्या याच चुलीवर होत्या. मागच्या साली पलीकडच्या गावात अशीच बोंब उठली होती, आणि पुढं खिचडी निर्दोष निघाली तरी शिजवणारी बाई काही परत आली नव्हती. गंजाच्या, म्हणजे मोठ्या पातेल्याच्या, बुडाला राहिलेली खिचडी देवकाबाईंनी हातानं खरवडून काढली आणि सगळ्यांसमोर उभ्या उभ्या खाल्ली.

"हे पाहा," त्या म्हणाल्या. "बाधली तं मीच मरीन. मंग रडा."

मला त्या म्हशीसाठी आलं नव्हतं एवढं आतून भरून आलं. पुस्तकातली म्हैस कुणीतरी घरी बसून रचली होती. ही बाई माझ्यासमोर उभी होती आणि तिच्यावरचं बालंट मी आणलं होतं.

एवढ्यात एकशे आठची रुग्णवाहिका आली. आतून एक तरुण डॉक्टर उतरला. मागोमाग सरपंच टेकचंद आले.

"लक्षणं काय?" डॉक्टरनं विचारलं.

"रडणे," भूमेश्वरी म्हणाली.

"उलटी? जुलाब? ताप?"

"नाही जी. नुसतं रडणे."

मी खुर्चीवर चढलो. "ऐका! खिचडीचा काही दोष नाही. मी पुस्तक वाचलं, म्हणून पोरं रडली!"

मग सरपंचांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"पुस्तक वाचून कोनी रडते का जी? आमची पोरं तं पुस्तक पाहून पळते."

"वाचून पाहा."

"आना इकडं."

सरपंचांनी चष्मा लावला आणि ग्रामसभेची नोटीस वाचावी तशा खणखणीत आवाजात म्हैस वाचायला घेतली. गाव ऐकत उभा राहिला. 'उजवीकडं' झालं, 'डावीकडं' झालं. पीस आलं. "आज बोलत नाहीस? थकला असशील. बस निवांत..." आणि सरपंच थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला, परत काढला.

"छपाई खराब आहे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि पुस्तक सुकरामच्या हातात दिलं. सुकराम एक ओळ वाचून म्हणाला, "मले नाही जमत, बाप्पा." पुस्तक डॉक्टरकडं गेलं. डॉक्टरनं ते मनात वाचलं, माझ्या हातात ठेवलं आणि गाडीमागं निघून गेला.

गोष्ट तिथंच संपत होती, पण त्यामागचं शेवटचं पान कुणी वाचलंच नव्हतं. भूमेश्वरीनं पुस्तक हिसकावलं आणि शिक्षिकेच्या करड्या आवाजात वाचलं, "स्वाध्याय. प्रश्न पहिला. बगळ्याचा रंग कोणता?"

पोरं शेवटी शाळेतलीच. आयांच्या कडेवरून, खांद्यावरून, मिठाचं पाणी तोंडात घेऊन सगळी एका सुरात ओरडली, "पांढराऽऽ!"

"म्हशीला पाय किती?"

"चाऽऽर!"

"ठणठणीत आहेत," डॉक्टर गाडीमागून म्हणाला.

बाया ओशाळल्या. एकीनं पुढं होऊन देवकाबाईंच्या हातातला गंज घेतला आणि स्वतः घासायला बसली. माफी मात्र कुणी मागितली नाही. सरपंचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, गावात पुन्हा पुस्तक आनू नका जी."

मी म्हटलं, सुटलो. पण ब्लडप्रेशरच्या मशीनचा पट्टा पोरांच्या दंडाला सैल होत होता, म्हणून डॉक्टरनं तो सहज माझ्या दंडाला गुंडाळून पाहिला. काट्याकडं पाहून त्याचा चेहरा बदलला.

"यांना झोपवा," तो म्हणाला.

अशा रीतीनं सबंध टोल्यात एकटा मी रुग्ण निघालो. मला स्ट्रेचरवर घातलं तेव्हा देवकाबाई जवळ आल्या.

"साहेब, त्या म्हशीले शेवटपर्यंत कोनी सांगतलं नाही?"

"नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावून वळल्या.

दवाखान्यात मला खाटेवर टाकून नर्स बाई निघून गेल्या. भूमेश्वरी शाळा सुटल्यावर आली, ती दारातच थांबली. अख्खा वॉर्ड माझ्याकडं पाहत होता. गोष्ट वाचून आडवा झालेला माणूस ही बातमी माझ्याही आधी पोचली होती.

नर्स बाईंनी तिला विचारलं, "मॅडम, तुम्ही यांच्या कोण?"

भूमेश्वरीनं माझ्याकडं पाहिलं. मी डोळे पुसून जमेल तेवढं हसलो.

"मी?" ती म्हणाली. "मी त्या शाळेची मॅडम आहे जी. हे आमच्याकडं पाहुणे आले होते."