मडगार्डवरचा फोड

रंगाला आलेला फोड नखाने फोडू नये. हे वाक्य मला वेळेवर कुणी सांगितलं असतं, तर पुढचे तीन महिने सुट्टीच्या दिवशी मी सुखाने लोळलो असतो. पण अशी उपयोगी वाक्यं वेळेवर कुणी सांगत नाही. ती माणसाला नंतर स्वतःच लिहावी लागतात.

गाडी सासऱ्यांची. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, रंगाने राखाडी. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि त्यांच्यामागोमाग ट्रकवर बसून गाडी आली. गाडी अंगणात राहिली, सासूबाई अंगणाकडच्या खोलीत. दोघींचंही चालणं-बोलणं बंद. आठ महिन्यांत सासूबाईंच्या तोंडून आम्ही तीनच शब्द ऐकले होते: ‘हो’, ‘नको’ आणि ‘चालेल’.

“आई अशी नव्हती हो,” बायको म्हणायची. “तीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या तिने. बोलायला लागली की सगळी लॅब काम सोडून ऐकत बसायची.”

शेवटी गाडी विकायची ठरली. सासूबाईंना विचारलं. “चालेल,” म्हणाल्या.

रविवारी गिऱ्हाईक येणार, म्हणून शनिवारी सकाळी मी बादली आणि फडकं घेऊन अंगणात उतरलो. पुसता पुसता पुढच्या मडगार्डवर रंगाला आलेला एक फोड दिसला. वाटाण्याएवढा. हा नसता तर गाडी कशी झकास दिसली असती, असा एक निष्पाप विचार मनात आला आणि मी नख लावलं.

फोड फुटला. आतून गंजाचा लाल भुगा भुरुभुरु खाली आला. मी आणखी खरवडलं, आणखी भुगा आला. भुगा यायचा थांबला तेव्हा लक्षात आलं की आता तिथे पत्राच उरलेला नाही. भोक किती खोल आहे ते बघायला मी बोट आत घातलं. (का, ते मला विचारू नका. बायकोने विचारून झालंय.)

बोट आत गेलं सुखाने. बाहेर येईना. पत्र्याच्या कडा आतल्या बाजूला वळल्या होत्या आणि मागे ओढलं की त्या बोटात रुतायच्या.

अशा वेळी माणसाने घरच्यांना हाक मारावी. पण माझी अब्रू अजून शाबूत होती. मी डाव्या हाताने ऑफिसातल्या विश्वकोशाला फोन लावला. (हे त्याचं टोपणनाव. जगातल्या प्रत्येक विषयावर तो पहिलं अर्धं वाक्य बरोबर सांगतो.)

“साबण लाव,” तो म्हणाला.

“साबण घरात आहे, मी अंगणात आहे.”

“मग गाडी घरापाशी ने.”

मी फोन ठेवला. तेवढ्यात बायको बाहेर आली.

“अहो, अर्धा तास झाला, तुम्ही गाडी पुसताय की तिचा हात धरून उभे आहात?”

“बोट अडकलंय.”

“ओढू?”

“हळू ओढ.”

तिने ओढलं. हळू या शब्दाबद्दल आमचे मतभेद लग्नापासूनचे आहेत.

“आई गं!” मी बोंबललो.

आतून दार उघडल्याचा आवाज आला आणि सासूबाई धावत अंगणात आल्या. “काय झालं?” त्यांनी विचारलं.

आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. आठ महिन्यांनी दोन नवे शब्द! मी केवळ वेदनेने ओरडलो होतो, त्यांना बोलावलं नव्हतं, हे त्या क्षणी सांगण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी माझं बोट पाहिलं, आत गेल्या आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आल्या. पेटीत बारीक कानशी, पकडी आणि नाना आकारांच्या लहानशा पट्ट्या ओळीने लावलेल्या होत्या. चष्मा चढवून त्या मडगार्डपाशी स्टुलावर बसल्या.

“हलू नका.”

“दुखेल का हो, आई?”

“मला काय माहीत? माझ्याकडे नुसते दात यायचे. माणूस डॉक्टरांकडे असायचा.”

त्यांनी एकेक कड पकडीने उलटी वळवली आणि दहा मिनिटांत बोट मोकळं केलं. मी ते कौतुकाने त्यांच्यासमोर धरलं, पण त्या बोटाकडे बघेचनात. त्या भोकात डोकावत होत्या.

“ही कीड आहे,” त्या म्हणाल्या. “वरवर भरून भागणार नाही. चांगला पत्रा लागेपर्यंत खरवडावं लागेल.”

“पण उद्या गिऱ्हाईक येणार आहे.”

“त्यांना सांगा, काम उघडून ठेवलंय. आज दाखवता येत नाही.”

बायकोने माझ्या पाठीत हळूच चिमटा काढला. मी लगेच गिऱ्हाइकाला फोन केला.

पुढचा रविवार उजाडला तेव्हा मी स्वतःला मुख्य कारागीर समजत होतो. सासूबाईंनी जुन्या पत्र्यातून ठिगळ कापून, ठोकून, मडगार्डच्या वळणाला बेतून दिलं. वेल्डिंगवाला येऊन ते जोडून गेला आणि जाताना सासूबाईंना “मावशी, हे तुम्ही कापलंत?” असं तीनदा विचारून गेला. आता त्यावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरायची होती. लांबी कालवण्याचं काम मी हट्टाने मागून घेतलं. डब्यावर लिहिलं होतं, हार्डनर चिमूटभर. मी विश्वकोशाला विचारलं. तो म्हणाला, “जास्त घातलं की लवकर वाळतं.” (पहिलं अर्धं वाक्य. पुढचं अर्धं मला स्वतःला कळलं.) लांबी खरोखरच लवकर वाळली. मडगार्डपर्यंत पोचायच्या आधी, वाडग्यातच. चमचा तिच्यात ताठ उभा राहिला.

“हा माझा चांगला वाडगा होता,” बायको म्हणाली.

“अजूनही आहे. फक्त भरलेला आहे.”

यानंतर माझ्याकडे पाणी मारण्याचं काम आलं. सासूबाई पॉलिशपेपरने घासणार आणि मी पाणी मारणार. घासता घासता त्या डोळे मिटून पत्र्यावरून बोटं फिरवायच्या. “इथे उंच आहे,” म्हणायच्या. मला तिथे काहीच दिसायचं नाही. “डोळ्यांचं काय घेऊन बसलात? कवळीत केसाएवढा उंचवटा राहिला तर जिभेला तो डोंगर लागतो. माणूस आठ दिवसांत परत येतो, आणि रागावून येतो.” असं बोलता बोलता त्यांनी एका दंतवैद्याची, दोन वरच्या कवळ्या घेऊन गेलेल्या गृहस्थांची आणि लॅबमधल्या भांडणांची अशा कितीतरी कथा सांगितल्या. मी पाणी मारत होतो आणि बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिथे तिचं काही काम नव्हतं.

मग दाराचा पत्रा घासताना सासूबाई एकदम थांबल्या. राखाडी रंगाखाली विटकरी अस्तर निघालं होतं, आणि त्याच्याखाली, पैशाएवढा, लख्ख पिवळा.

“ही पिवळी होती,” त्या म्हणाल्या.

“पिवळी?” बायको पुढे आली. “मला तर राखाडीच आठवते.”

“तुझ्या जन्माआधीची गोष्ट. आम्ही दोघांनी मिळून रंग निवडला होता. मग ह्यांना बढती मिळाली. साहेब म्हणाला, अधिकाऱ्याला पिवळी गाडी शोभत नाही. ह्यांनी मला न विचारता राखाडी करून आणली. मी चार दिवस बोलले नाही.”

“मग?”

“पाचव्या दिवशी म्हणाले, रिटायर झालो की परत पिवळी करू.” पिवळ्या ठिपक्यावरून त्या अंगठा फिरवत राहिल्या. “रिटायर झाले आणि विसरले. मीही आठवण केली नाही. म्हटलं, एवढं काय.”

मी पाणी मारायचं विसरलो होतो.

“गाडी विकायची नाही,” सासूबाई म्हणाल्या. “आणि राखाडीही ठेवायची नाही. तुमचं काय म्हणणं आहे?”

“चालेल,” मी म्हणालो.

त्यावर त्या हसल्या. चांगल्या मोठ्याने.

रंगाच्या दिवशी काचा, दिवे, चाकं सगळं वर्तमानपत्राने झाकलं. स्प्रे-गन अर्थातच सासूबाईंकडे. तोंडाला मास्क, डोळ्यांवर जाड चष्मा, अंगात सासऱ्यांचा जुना कोट. मी पलीकडे पुठ्ठा धरून उभा, म्हणजे रंग शेजाऱ्यांच्या भिंतीवर जाऊ नये. गेला नाही. वारा फिरला आणि तो माझ्यावर आला. बायकोने रंग लागू नये असं सगळं वर्तमानपत्राने झाकलं होतं, नवरा तेवढा राहून गेला होता. पुढचे चार दिवस ऑफिसात लोक मला कावीळ कधी झाली विचारत होते, आणि विश्वकोश पथ्य सांगत होता.

पण गाडी! उन्हात उभी राहिली की सगळं अंगण उजळायचं. मी मडगार्डवर डोळे मिटून हात फिरवला, तेव्हा ठिगळ कुठे संपतं आणि जुना पत्रा कुठे सुरू होतो ते मलाही कळेना. (तसं मला ते उघड्या डोळ्यांनीही कळत नव्हतं, पण आता इतरांनाही कळत नव्हतं.)

मेकॅनिकने इंजिन चालू करून दिलं आणि त्या रविवारी आम्ही फिरायला निघालो. गाडी सासूबाई चालवत होत्या. शेजारी बायको, मागे मी. दोघी इतक्या बोलत होत्या की मला सिग्नल लाल झाला हेसुद्धा सांगायला फट मिळेना. पेट्रोल पंपावर थांबलो तर एक वयस्कर गृहस्थ आपली गाडी सोडून आमच्याकडे आले. जुन्या गाड्यांचे शौकीन असावेत. वाकून, डोळे बारीक करून, सगळीकडून बघितलं, मडगार्डवरून बोट फिरवलं.

“वा! काम कुणी केलं?”

मी मागची काच खाली करून घसा खाकरला.

“माझ्या आईने,” बायको म्हणाली.

“कमाल आहे! बोटसुद्धा अडत नाही कुठे. आतलं काय काय बदललंत?”

“सीटची कव्हरं नवी,” सासूबाई म्हणाल्या. “पायाखालचं मॅटिंग नवं. छताचं कापडही नवं घातलं.”

गृहस्थ मागच्या काचेतून आत डोकावले आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. “आणि हे?”

“हे मूळचेच आहेत,” सासूबाई मायेने म्हणाल्या. “यांना अजून हात लावलेला नाही.”

गृहस्थांनी मला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं आणि जाणकारासारखी मान हलवली.

“लावू नका,” ते म्हणाले. “एकदा उघडलं की बरंच काम निघेल.”