लढाऊ विमानाची खुर्ची आणि अमरसिंहअण्णांची कंबर

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. विमानांबद्दल भूम तालुक्यात माझ्याइतकं कुणाला कळत नाही! मी इथल्या एसटी स्टँडवर कंट्रोलर आहे. परंड्याची गाडी कुठं लागली, बार्शीची कधी सुटणार, हे दिवसभर माईकवर ओरडून सांगतो. पण जीव सगळा वरती. डोक्यावरून विमान गेलं की माझी मान वर जाते आणि अनाउन्समेंट अर्धी राहते. परवा तर बार्शीला निघालेल्या एका अख्ख्या वऱ्हाडाला मी ईट गावच्या गाडीत बसवलं. असो.

तर आमचं 'आकाशवेडे मंडळ'. मी अध्यक्ष. शाळेपासूनचा दोस्त लिंबाजी उपाध्यक्ष. तो शेती करतो आणि नांगरता नांगरता आभाळाकडं बघतो. म्हणूनच त्याच्या सऱ्या वाकड्या असतात. आणि मार्गदर्शक आबाराव. हवाई दलातून रिटायर! म्हातारा बोलायला लागला की आम्ही श्वास रोखून ऐकतो. जुन्या लढाऊ विमानांवर आमचा लई जीव. हंटर, व्हँपायर, नॅट अशी नुसती नावं घेतली तरी लिंबाजीच्या अंगावर काटा येतो.

त्यात मला सोलापूरच्या एका भंगारवाल्याकडं नॅट विमानातली पायलटची खुर्ची सापडली! साधी खुर्ची नव्हे बरं का. विमानाला आग लागली की ही पायलटला खुर्चीसकट बाहेर फेकते. बुडाखाली काडतूस आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये पिवळा-काळा दांडा. दांडा ओढला की धडाम! पायलट आभाळात!

आम्ही ती टेम्पोत घालून आणली आणि माझ्या बैठकीत मांडली. शेजारी विमानाचं चाक, पंख्याचं पातं आणि कशाचा आहे ते आम्हालाही न कळलेला एक पत्रा. आठवडाभर माझी बायको रोहिणी काही बोलली नाही. मग एकदम बोलली.

"अवो, बाबासाहेबांच्या फोटोला हार घालायचा तर ह्या भंगारावर चढावं लागतंय! रविवारपस्तोर बैठक मोकळी झाली न्हाय, तर समदं भंगारवाल्याला घालते. त्या खुर्चीसकट!"

रोहिणी बोलते तसं करते. माझी झोप उडाली. जागा आणायची कुठून? एकच माणूस डोळ्यापुढं आला, ईटचे अमरसिंहअण्णा. मोठे बागायतदार, आणि भूममध्येच त्यांचं एक थोरलं गोडाऊन. अण्णा खूश झाले की काय वाटेल ते देतात. नाराज झाले की चहासुद्धा देत नाहीत.

मी लिंबाजीला म्हणालो, "रविवारी आपल्या अंगणात मेळावा घेऊ. विमानप्रवासाचे अनुभव सांगायचे. अण्णा प्रमुख पाहुणे. आणि बसायला आपली नॅटची खुर्ची! अशी बसवतो त्यांना, की उठायचं नाव घेणार नाहीत!"

रविवारी अंगणात मांडव, माईक, पुढं सगळी गल्ली. खुर्चीवर साहेबलोकांच्या असतो तसा पांढरा टॉवेल टाकला. अण्णा आले आणि ऐन वेळी लक्षात आलं की फीत आणायची राहिली! फीत कापल्याशिवाय कार्यक्रम कसला? लिंबाजी म्हणाला, "थांब, करतो सोय," आणि खरंच कुठून तरी लाल फीत घेऊन आला. वीतभरच होती. दोन खुर्च्या अगदी जवळ ओढून बांधली. अण्णांनी पोट आत ओढून कात्री घातली, टाळ्या झाल्या आणि अण्णा खुर्चीवर विराजमान झाले.

"वा!" अण्णा म्हणाले. "राजपाल, काय खुर्ची हाय रे! आखडलेली कंबर एकदम सुटली बघ!"

मी रोहिणीकडं बघितलं. तिनं तोंड फिरवलं, पण माझी छाती फुगली. तेवढ्यात गुडघे धरत आबाराव आले. खुर्चीकडं बघितलं आणि जागीच थबकले.

"राजपाल," ते कानात म्हणाले, "खुर्चीला लाल फीत व्हती. तिच्या टोकाला पिन व्हती. कुठं गेली?"

लिंबाजीला कोपऱ्यात ओढलं. "फीत कुठून आणलीस?"

"खुर्चीचीच! तिच्यावर इंग्रजीत लिहिलं व्हतं, उड्डाणाआधी काढावी. आज आपलं उड्डाणच की! मग काढली. पिन खिशात हाय, हरवली न्हाय."

"अरं मुडद्या!" आबारावांनी कपाळावर हात मारला. "ती पिन हाय तवर दांडा हलत न्हाय! आता अण्णानं दांडा वडला, तर थेट माकणीच्या धरणात!"

"पण काडतूस असेलच कशावरनं?" मी म्हणालो. "आबा, तुम्ही जरा वाकून बघा. तुम्हाला कळतं."

"मला काय कळतंय?"

"म्हणजे? तुम्ही हवाई दलात होता ना?"

"व्हतो की! मेसमधी. पायलट लोकांच्या पोळ्या लाटायला. त्येंच्या बोलण्यातनं जे कानावर पडलं, ते तुमाला सांगतो."

घ्या! इतकी वर्षं आम्ही ज्यांच्यापुढं श्वास रोखून बसलो, ते पोळ्यांचे एक्स्पर्ट निघाले! पण आता भांडायला वेळ कुणाला होता? अण्णांनी हातातली पिशवी त्या पिवळ्या-काळ्या दांड्यालाच अडकवली होती. पिशवी झुलायची तसा माझा जीव वरखाली व्हायचा. खरं सांगावं तर अण्णा दचकून उठणार आणि उठताना दांडाच धरणार. न सांगावं तर... मी मांडवाचं कापड बघितलं. अगदीच पातळ होतं.

मी पुढं झालो. "अण्णा, फोटो काढू या का उभं राहून?"

"बसूनच काढ. म्या उठत न्हाय आता."

"अण्णा, चहा आत ठेवलाय."

"हितंच दे."

"अण्णा, त्या खुर्चीत ढेकूण आहेत!"

"ढेकणाला माझी भीती वाटंल!" अण्णा हसले. हसताना गदगदा हलतात. पिशवीही हलली. मला दरदरून घाम फुटला.

इकडं माईकवर अनुभवकथन चाललं होतं. गल्लीतल्या प्रीती मॅडम हैदराबादच्या विमानात मिळालेल्या सामोशाबद्दल सांगत होत्या. मग लिंबाजी उठला. दिल्लीला जाताना खिडकी उघडत नाही म्हणून तो हवाईसुंदरीशी कसा भांडला, हे तो नेहमी रंगवून सांगतो, पण आज सारखा खिशातली पिन चाचपत होता आणि नुसतं "खिडकी... खिडकी..." म्हणून खाली बसला. रोहिणी माझ्याजवळ आली.

"काय झालंय? तुमचं तोंड असं पांढरंफटक का?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "अण्णा वर गेले तर गोडाऊन कोण देणार?"

"अगं, माणूस जाईल!"

"तेच म्हणते मी! मग उठवा की त्येंना!"

पण तोवर अण्णांनी माईक हातात घेतला होता. आता त्यांचा अनुभव. पिशवी काढून खाली ठेवली. मला जरा बरं वाटलं. ते फार टिकलं नाही.

"म्या बंगळूरला गेलो व्हतो," अण्णा सुरू झाले. "इमान असं धावाय लागलं... धावाय लागलं... आन् मग पायलटनं, बघा हं, असा दांडा धरला..."

अण्णांनी दोन्ही हातांनी दांडा धरला!

"अण्णा, नको!" मी किंचाळलो.

"...आन् असा वडला!"

"आडवे व्हा!" आबारावांनी बोंब ठोकली.

आणि काय सांगू! मी पालथा, लिंबाजी पालथा, प्रीती मॅडम पालथ्या. आम्ही पडलो म्हणून पहिली रांग पडली, ती पडली म्हणून मागची गल्ली पडली. कुणालाच माहीत नव्हतं का पडायचं, पण मागं कुणी राहिलं नाही! मी डोळे गच्च मिटून घेतले. मनात एकच, देवमाणूस गेला रे, माझ्या हौसेपायी गेला!

खट्!

दांडा अण्णांच्या हातात आला. खुर्चीखालून एक गलेलठ्ठ उंदीर सुसाट उडाला आणि मांडवाबाहेर पसार झाला. बाकी काही नाही. काडतूस भंगारवाल्यानं कधीच काढून घेतलं होतं. हे त्यानं मला नंतर फोनवर सांगितलं, तेही हसत.

मी हळूच मान वर केली. अण्णा हातात दांडा धरून बसले होते. समोर अख्खी सभा पालथी. अण्णांच्या डोळ्यांत पाणी!

"अरं... अरं उठा रे लेकरांनो!" त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "एवढी वर्षं झाली मला समाजकारणात, पण माझं भाषण ऐकून कुणी साष्टांग दंडवत घातला नव्हता! राजपाल, माग काय मागायचं ते!"

मी जमिनीवरूनच म्हणालो, "गोडाऊन!"

"दिलं! आजपास्नं तुमचं!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! रोहिणी हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली हो! मी उठलो, कपडे झटकले आणि लिंबाजीला मिठी मारली.

"फकस्त एक हाय," अण्णा म्हणाले. "गोडाऊनात माझं सोयाबीन हाय. भाव आल्याबिगर म्या इकणार न्हाय. तवर पोती ठिवायला जागा पायजे. तुझी बैठक आता मोकळीच की!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ट्रॅक्टर आला. आमच्या बैठकीत पोती पार छताला टेकली. आमची खुर्ची तिकडं गोडाऊनात ऐसपैस मांडलीय, मंडळाच्या बैठका झकास चालल्यात, बाबासाहेबांचा फोटो रोहिणीनं आतल्या खोलीत नेऊन लावलाय. भाव काही यायला तयार नाही.

काल रोहिणी सगळ्यात वरच्या पोत्यावर चढून पंख्याची धूळ पुसत होती. तिथूनच म्हणाली, "ती खुर्ची व्हती तवा निदान दांडा वडून भाईर पडायची सोय तरी व्हती!"

मी खालून उत्तर दिलं. पण पोत्यांच्या पलीकडून माझं तिला काही ऐकू येत नाही.