कूलरमधली आल्सासची बाटली

जावयाने आणलेली वस्तू परत करायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाचा मान सगळ्यांत मोठा. म्हणून आमच्या नंदिनीचा नवरा रजत याने बॅगेतून उंच, हिरवी बाटली काढली, तेव्हा मी ती गुपचूप घेतली. (थोडी उत्सुकताही होती. थोडी म्हणजे बरीच.)

"मामाजी, आमच्या आल्सासची व्हाइट वाइन आहे," तो म्हणाला. पोरगा मूळचा पुलगावचा, पण चार वर्षं फ्रान्समध्ये नोकरी केल्यावर आल्सास त्याचं झालं होतं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे तो विसरला असावा. त्याची सासू, म्हणजे आमची जया, सिंदी मेघेच्या दारूबंदी महिला मंडळाची सेक्रेटरी आहे, हे मात्र मला झोपेतही विसरता येत नाही. बाटली घरात सापडली असती, तर मंडळात तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

फ्रिज जयाच्या ताब्यात. मी बाटली कूलरच्या पाण्यात आडवी ठेवली. मे महिन्यात आमच्याकडे देवघराच्या खालोखाल कूलरचा मान, तिथे उगाच कोणी हात घालत नाही.

"पण मामाजी, याच्यासोबत तिखट नको," रजत कुजबुजला. "चवच मरते. तिकडे कांदा आणि साय लावलेली पातळ भाकर खातात."

झालं! मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "जया, आज रस्सा जरा फिका कर. अन् भाकरीवर साय-कांदा टाकजो."

जयाच्या हातातला झारा खाली पडला. सव्वीस वर्षांत मी मिरची जास्त मागितली होती, कमी कधीच नाही.

"अहो, पोटात आग पडते का? कधीपासून?"

"नाई गं, असंच."

"असंच कोणी फिका रस्सा खाते का? तुमी काईतरी लपवून राह्यले!"

(लपवत होतो हे खरं, पण पोटात नव्हे.) तिने डोळ्यांना पदर लावला आणि मग कानाला फोन. अर्ध्या तासात मला अल्सर असल्याचं अख्ख्या कॉलनीला कळलं. चारच्या सुमारास मंडळाच्या अध्यक्ष आनंदाबाई सात बायका आणि दोन किलो मोसंब्या घेऊन मला बघायला आल्या.

त्या थेट कूलरसमोर बसल्या. पाच मिनिटांत कूलरने आचके दिले आणि गरम वारा फेकायला सुरुवात केली.

"पंपात अडकलं काईतरी," आनंदाबाई म्हणाल्या.

"मी पाहतो!" मी उडीच मारली.

"बसा हेमराजभाऊ! अल्सरच्या माणसानं वाकू नाई." त्यांनी स्वतःच बाजूची जाळी काढली. पंपातून भिजलेल्या लेबलाचा लगदा निघाला आणि त्याच्यामागून बाटली.

रजत बाथरूममध्ये गेला. (फ्रान्समध्ये राहून माणूस हुशार होतो.)

"औषध आहे," मी म्हटलं. "पोटाचं."

आनंदाबाईंनी झाकण फिरवलं आणि हुंगलं. पंधरा वर्षं मोहाची दारू पकडणारं नाक ते! "द्राक्षाची. बाहेरची. महागाची." पुन्हा एकदा हुंगलं. "अन् तिखटासंगं जमायची नाई."

जयाने माझ्याकडे पाहिलं. फिका रस्सा, साय, कांदा, सगळ्याचा अर्थ तिला एकदम लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्या घरात सापडली," ती म्हणाली. "आनंदाबाई, मी राजीनामा देते."

"बाटली मी घेतली," मी म्हटलं. "तिले काईच मालूम नव्हतं." दिवसभरातलं माझं हे पहिलं खरं वाक्य.

"राजीनामा काऊन वं?" आनंदाबाई कडाडल्या. "लोकं म्हणतेत, मंडळ गरिबाच्याच घरी धाड टाकते. आता पाहा म्हणा, सेक्रेटरीचा नवरा बी सोडला नाई!"

सात बायकांनी टाळ्या वाजवल्या. जयाने डोळे पुसले आणि, काय सांगू, चक्क हसली. वाइन नालीत गेली, मला थेंबसुद्धा मिळाला नाही. रिकामी बाटली हातात देऊन माझा फोटो काढला आणि संध्याकाळी तो मंडळाच्या ग्रुपवर आला.

"सेक्रेटरी जयाताईंच्या घरी धाड यशस्वी. मुद्देमाल: एक बाटली, एक नवरा. बाटलीतला माल जागेवरच नष्ट केला. नवऱ्याची विल्हेवाट सेक्रेटरींकडे सोपवली आहे."