मालनताईंची ठिसूळ हाडं

डॉक्टर मालनताईंच्या हाडांचा रिपोर्ट समजावून सांगत होते आणि नेमके तेव्हाच खाली रस्त्यावर टोइंगवाले आले. "हाडं ठिसूळ झालीयत. पडायचं मात्र अजिबात नाही," एवढं ऐकलं आणि गोपीनाथराव स्कूटर वाचवायला धावले. रोज चालायचं, हलका व्यायाम करायचा, ऊन घ्यायचं, गोळी चुकवायची नाही, घरातली कामं चालू ठेवायची, हे पुढचं सगळं मालनताईंनी एकटीनंच ऐकलं.

खडकपाड्याला घरी पोचेपर्यंत गोपीनाथरावांनी कारभार हातात घेतला होता.

"तू आजपासून जागची हलायचं नाहीस. चपात्या मी करणार."

मालनताई खरं सांगणारच होत्या. पण लग्न झाल्यापासून हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्यांनी तोंड मिटलं आणि पाय सोफ्यावर घेतले.

चपात्यांना कोपरे होते, पण आयत्या होत्या. गोपीनाथरावांनी घसरतील म्हणून पायपुसणी उचलली, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला आणि फॅमिली ग्रुपवर टाकलं, "मालनची हाडं गेली. सगळ्यांनी सांभाळून घ्या."

शनिवारी अख्खं खानदान लोटलं. डोंबिवलीहून त्यांची बहीण शालू डोळे पुसत केळी घेऊन आली. शहाडचा चुलतभाऊ काळुराम डबाभर पायाचं सूप घेऊन आला. "हाडाला हाडच लागतं, वहिनी. गरम आहे तोवर प्या."

"आमची शेजारीण नुसती खोकली," शालू म्हणाली, "तर बरगडी मोडली!"

मालनताईंनी सूप संपवून बारीक आवाजात "आई गं" म्हटलं. सगळे हळहळले.

एवढ्या लोकांना चहा द्यायचा, तर जादा कप कपाटाच्या वर.

"मी काढते," मालनताई सवयीनं बोलून गेल्या.

"बस खाली! मोडून घ्यायचंय का?" म्हणत गोपीनाथराव प्लास्टिकच्या स्टुलावर चढले. स्टूल एकीकडे गेलं, ते दुसरीकडे. उजवा हात खाली आणि कप वरून.

बाकीचे नुसतेच ओरडत राहिले. मालनताई सोफ्यावरून उठल्या, टीपॉय ओलांडला, नवऱ्याला काखेत हात घालून उचललं आणि खुर्चीत बसवलं.

काळुरामनं रिकाम्या डब्याकडे पाहिलं. "गुण आला बघा!"

हॉस्पिटलात तेच डॉक्टर होते. मनगट मोडलं होतं.

"एवढ्याशा स्टुलावरून? काका, तुमचीही हाडं तपासू." तपासली. ती मालनताईंपेक्षा ठिसूळ निघाली.

"पण हा तर बायकांचा आजार ना?"

"हाडांना काय माहीत, आपण कोणाच्या अंगात आहोत ते?" डॉक्टर म्हणाले आणि मालनताईंकडे वळले. "तुम्ही रोज चालताय ना?"

"चालतेय?" गोपीनाथराव ताडकन म्हणाले. "तुम्हीच तर सांगितलंत, हलायचं नाही!"

"मी? मी तर घरकामसुद्धा चालू ठेवा म्हटलं होतं."

गोपीनाथरावांनी सावकाश मान वळवली. मालनताई भिंतीवरचं सांगाड्याचं चित्र निरखत होत्या.

"मालन!"

"अहो, तुम्ही एवढ्या हौसेनं लाटत होतात. म्हटलं, कशाला मोडता घाला?"

गोपीनाथरावांना रागावायचं होतं, पण प्लॅस्टर ओलं होतं. ते आशेनं डॉक्टरांना म्हणाले, "आता मी तरी पडून राहू ना?"

"पाय मोडलाय का? दोघंही चाला. रोज."

दोघं रिक्षानं निघाले. एका खड्ड्यात गोपीनाथराव कळवळले तेव्हा मालनताईंनी त्यांचा प्लॅस्टरचा हात अलगद आपल्या मांडीवर घेतला. त्यांना जरा बरं वाटलं. तेवढ्यात शालूचा फोन आला.

"वहिनी, आम्ही अजून थांबलोय. दादा कसाय? आणि चहाचं काय करायचं?"

मालनताईंनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"बसा, वन्सं. येतायत तुमचे दादा. डावा हात मोकळाच आहे त्यांचा."