दादा दारातच आहे!

फोनवर जागा दाखवणाऱ्या उपग्रहांना आता जमिनीची गरजच उरलेली नाही, असं आपल्या इंजिनीअरसाहेबांनी महिन्यापूर्वी भर मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं होतं. "ते लेसरने एकमेकांना बघतात. एक जरा कलला की शेजारचा लगेच चुगली करतो! खालून कशाला पडताळायचं?" आणि खालची पडताळणी त्यांनी बंदच करून टाकली. मग उपग्रहांचं अख्खं जाळं एकमेकांना धरून हळूहळू गल्लीभर सरकलं, पण साहेबांच्या ते गावीही नव्हतं. चुगली करणार कोण? प्रत्येकाला आपला शेजारी जागच्या जागी दिसत होता!

त्या रविवारी साहेबांचा जीव फोनवरच्या नकाशात सरकणाऱ्या एका निळ्या ठिपक्यात अडकला होता. वडील गेल्यावर भांडण झालं, तेव्हापासून थोरल्या भावाने अबोला धरला होता. ज्याने यांना शिकवलं, तोच हा दादा आज पहिल्यांदाच या घरी जेवायला येत होता. साहेबांनी त्याला पत्ता म्हणून नकाशावरचा आपल्या घराचा ठिपका पाठवला होता, आणि सरकणारा निळा ठिपका म्हणजे दादाची गाडी.

"आला! दारात आहे!" साहेबांनी धाडकन दार उघडलं. बाहेर कोणीच नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"अरे, दाराला कुलूप आहे," दादा म्हणाला.

"कुलूप कसं असेल? मी दारातच उभा आहे!"

"मीही दारातच उभा आहे."

"दादा, तुझा ठिपका बरोबर माझ्या घरावर आहे. तूच नीट बघ!"

"अहो, जरा बाहेर जाऊन बघा ना," बायको आतून म्हणाली.

"तू थांब गं! सगळेच्या सगळे उपग्रह एकच सांगताहेत!"

"म्हणजे मी खोटं बोलतोय?" दादाचा आवाज पडला. "बोलावून कुलूपच दाखवायचं होतं, तर तसं सांगायचंस."

फोन बंद झाला, तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते अनवाणीच मागच्या गल्लीत धावले. एका कुलूपबंद घरापुढून दादाची गाडी वळून दिसेनाशी होत होती. 'थांब, मी येतो' एवढं म्हणायला आपलं काय जात होतं? भर रस्त्यात साहेबांना रडू फुटलं.

त्यांनी फोन लावला. "दादा, चूक माझी आहे. उपग्रह माझ्यामुळे भरकटले. तू खरं बोलत होतास. परत ये रे!"

दादाने गाडी बाजूला घेतली. मग म्हणाला, "बरं, येतो. पण मी पार हमरस्त्याला लागलोय. पत्ता पाठव."

साहेब डोळे पुसत घरी आले, बायकोला ताटं घ्यायला सांगितली, आणि त्या आनंदात दादाला पुन्हा तोच घराचा ठिपका पाठवून दिला.