वर्गमुळाच्या जागी चौकोन

आमच्या दहिवडीत माणूस भेटला की पाऊसपाणी विचारतो. लोखंडे सर विचारतात, "ब्राउजर कुठला हाय रं तुझा?" आणि उत्तर द्यायच्या आत आपला मोबाईल त्यांच्या हातात गेलेला असतो.

सर जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाले आणि त्यांनी इंटरनेटवर गणिताचं पान काढलं. पान झकास, पण काही मोबाईलवर वर्गमुळाच्या चिन्हाऐवजी नुसता रिकामा चौकोन उमटायचा. तेव्हापासून सरांचं चित्त थाऱ्यावर नाही. एसटीच्या कंडक्टरचा मोबाईल तपासून झाला, न्हाव्याचा झाला. माझ्या पुतण्याच्या लग्नात तर बोहल्यावर चढून नवरदेवाचा तपासला. "मूळ दिसतंय! टाका अक्षता," म्हणाले.

मी एकदा वैतागून म्हणालो, "सर, वाचतंय कोण ते?"

"एक जण. रोज दुपारी पान उघडतं, आकडा दिसतो मला. कुणाचं तरी लेकरू आसंल गड्या. त्येला चौकोन दिसत आसला तर? माझ्यामुळं चुकायचं त्ये!"

मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली.

परवा त्यांच्याकडे चहाला गेलो. सरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, चहा आणून ठेवला. सर बसायलाच तयार नाहीत. गल्लीत नवा भाडेकरू आलेला, त्याचा मोबाईल तपासायचा राहिला होता. घाईघाईनं चष्मा शोधताना फडताळातून एक वही खाली पडली. अक्षर वहिनींचं. सरांचे सगळे धडे पानोपान उतरवलेले आणि जिथं वर्गमूळ, तिथं पट्टीनं आखलेला नेटका चौकोन.

"ह्ये काय?" सरांनी वही उचलली.

"तुमचंच पान." वहिनींकडे मुलानं टाकून दिलेला जुना मोबाईल होता, त्यावर त्या रोज दुपारी पान उघडायच्या. "चौकोन काढलाय म्हंजी काय तरी कारण आसंल म्हणलं."

"मला इचारायचं न्हाई व्हय?"

"कवा इचारू? घरात आसता कवा तुमी? त्या पानावर दर धड्याला लिवताय, 'समजलं का? नाहीतर पुन्हा सांगतो.' घरात मला आसं कोण इचारतंय?"

सगळं गाव पालथं घातलं आणि दिव्याखालीच अंधार. सर मटकन खाली बसले. मग पेन घेऊन त्यांनी पहिल्या चौकोनावर वर्गमुळाचं चिन्ह काढलं आणि वहिनींना शेजारी जागा करून दिली. कपातला चहा निवून गेला.

निघताना मी म्हणालो, "सर, तो नवा भाडेकरू?"

त्यांनी मानही वर केली नाही. "थांब रं, तास चालू हाय."